रक्तातले ग्रोथ फॅक्टर आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर : तपासणी कधी करायची, रक्त कसं द्यायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून या भागात दूरदूरहून माणसं उपचाराला येतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे अथणीकडूनही. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे रुग्ण त्यांत बरेच असतात आणि त्यांच्या फायलीत आता अधूनमधून एक वेगळा कागद दिसतो : व्हीईजीएफ, ईजीएफ, नाहीतर आयजीएफ-१. म्हणजे रक्तातल्या ग्रोथ फॅक्टरची पातळी. हा कागद हातात धरून कुणीतरी विचारतं, "दादा, नंबर जास्त आलाय. गाठ पसरली का?"

त्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात नसतं. ही तपासणी केव्हा करावी, केव्हा करू नये, केली तर रक्त कसं द्यावं आणि आलेला आकडा कशाशेजारी ठेवून वाचावा, हे इथे क्रमाने लिहितो. माझं मत आधीच सांगतो. संशोधनात या तपासण्यांना मोठं मोल आहे. रुग्णाच्या रोजच्या निर्णयांत मात्र कोलोनोस्कोपी (मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघणं), बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं), सीटी स्कॅन आणि सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा रक्तात वाढणारं प्रथिन) यांच्यानंतरच त्यांचा नंबर लागतो. आणि रक्त चुकीच्या बल्बमध्ये (रक्त घ्यायच्या झाकणाच्या नळीत) गेलं, तर तेवढाही उपयोग उरत नाही.

पायरी १ : आपल्याला नेमकं काय विचारायचंय ते ठरवा

तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, "या आकड्यावरून तुम्ही काय ठरवणार आहात?" असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगले डॉक्टर या प्रश्नाचं स्वागतच करतात.

उत्तरं साधारण चार असू शकतात. कॅन्सर आहे की नाही हे बघायचं, तो किती पसरलाय याचा अंदाज घ्यायचा, कुठलं औषध लागू पडेल ते ठरवायचं, किंवा ऑपरेशननंतर आजार परत येतोय का यावर लक्ष ठेवायचं. पहिल्या कामासाठी ग्रोथ फॅक्टर चालत नाहीत. दुसऱ्यासाठी ते जेमतेम इशारा देतात, खरी स्टेज स्कॅन आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरते. तिसऱ्यासाठी रक्तापेक्षा गाठीचा तुकडा महत्त्वाचा. चौथ्यासाठी सीईए ही जुनी आणि कसाला उतरलेली तपासणी आहे. यापैकी कुठलंच उत्तर मिळालं नाही आणि "पॅकेजमध्ये आहे म्हणून करून टाका" एवढंच ऐकू आलं, तर ते पैसे राखून ठेवा. पुढे लागतील.

एखाद्या अभ्यासासाठी रक्त मागितलं जात असेल तर गोष्ट वेगळी. संमतीपत्र मराठीत मागा, वाचा आणि त्या रक्ताचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार आहे की नाही ते विचारून घ्या. अभ्यासात भाग घेणं हे मोलाचं काम आहे. फक्त त्याला उपचार समजू नका.

पायरी २ : हे ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय ते थोडं समजून घ्या

शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. "वाढा", "जखम भरून काढा", "इकडे नवी रक्तवाहिनी आणा" असे हे निरोप ज्या प्रथिनांमधून जातात, ती प्रथिनं म्हणजे ग्रोथ फॅक्टर. निरोगी माणसाच्या रक्तातही ती असतातच, म्हणून "रिपोर्टमध्ये सापडलं" याला काही अर्थ नाही. प्रश्न असतो तो प्रमाणाचा.

यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं म्हणजे व्हीईजीएफ, रक्तवाहिन्या वाढवणारं. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, हा विचार जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. आपल्याकडचा शेतकरी कोरडवाहू तुकडा बागायती करायला नदीवरून पाइपलाइन ओढतो, तशी गाठ शेजारच्या रक्तवाहिनीतून नव्या वाहिन्या ओढून घेते. त्यासाठी जो निरोप ती पाठवते तो व्हीईजीएफ. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं आणि तेच व्हीईजीएफचं उत्पादन वाढवतं. पेशी ऑक्सिजनची कमतरता कशी ओळखतात, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. हा ऑक्सिजनचा धागा लक्षात ठेवा, पुढे ॲनिमियाच्या संदर्भात तो परत लागणार आहे.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. ईजीएफ हे पेशींना विभागायला सांगणारं. त्याच्या शोधासाठी स्टॅनली कोहेन यांना रीटा लेवी-मोन्ताल्चिनी यांच्यासोबत १९८६ साली नोबेल मिळालं. आयजीएफ-१ यकृतात तयार होतं आणि ते खाण्यापिण्यावर, वयावर, यकृताच्या तब्येतीवर हलतं. उपासमार झालेल्या माणसात ते खाली येतं. एचजीएफ यकृताला इजा झाली की वाढतं. पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा ही दोन्ही प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींमध्ये, भरपूर साठलेली असतात.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः पुढच्या स्टेजला, रक्तातलं व्हीईजीएफ सरासरीने जास्त सापडतं. इथे "सरासरीने" हा शब्द फार महत्त्वाचा. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसं समोरासमोर ठेवली तर दोन गटांच्या सरासरीत फरक दिसतो, पण बऱ्याच निरोगी माणसांचे आकडे रुग्णांमध्ये मिसळलेले असतात आणि बऱ्याच रुग्णांचे निरोगींमध्ये. तुमचा एकट्याचा आकडा कुठल्या गटातला, हे त्यावरून सांगता येत नाही.

एक घोळ वॉर्डात नेहमी होतो, तोही इथेच मिटवू. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या की पोटावर किंवा दंडावर जे "ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन" देतात, ते जी-सीएसएफ. अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवायला लावणारं ते औषध आहे. त्याचा या रक्ततपासणीशी संबंध नाही आणि ते घेतल्याने आतड्यातली गाठ वाढेल या भीतीने कुणी ते टाळू नये. पांढऱ्या पेशी फार उतरल्या की जंतुसंसर्ग जीवावर बेततो.

पायरी ३ : परसाकडला रक्त जात असेल तर या तपासणीच्या वाटेला जाऊच नका

हा भाग मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने लिहावासा वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते : शौचावाटे रक्त जात होतं, मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्ण चाललं, कुणी गावठी औषध दिलं आणि सहा-आठ महिन्यांनी कोलोनोस्कोपी झाली. मधल्या काळात रक्ताच्या तपासण्या मात्र ढीगभर झालेल्या.

ही लक्षणं असतील तर सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञाला दाखवा : शौचात रक्त किंवा चिकट आव, काही आठवडे टिकलेला बद्धकोष्ठ किंवा जुलाब, पोट साफ झालंच नाही असं वाटून पुन्हापुन्हा जावं लागणं, कारण नसताना वजन उतरणं. आणि पुरुषामध्ये किंवा पाळी गेलेल्या बाईमध्ये लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया. हे शेवटचं लक्षण फार सहज सुटतं. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ महिनोन्महिने थोडंथोडं रक्त गाळत राहते, डोळ्यांना काही दिसत नाही, हिमोग्लोबिन आठवर येतं आणि आजीला "वयामुळे अशक्तपणा" म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. गोळ्या द्याच, पण रक्त जातंय कुठे ते शोधा.

गुदद्वारात बोट घालून केलेली तपासणी दोन मिनिटांची असते आणि गुदाशयातली खालची गाठ त्यात हाताला लागू शकते. लाजेपोटी ती टाळू नका. "वय लहान आहे, कॅन्सर कसा असेल" असंही धरून चालू नका. आपल्या देशात तिशी-चाळिशीतले रुग्ण चांगलेच दिसतात.

आता कुणी म्हणेल, त्रास काही नाही, पण रक्तातला मार्कर आधी बघून ठेवला तर काय बिघडलं? हिशेब करून बघा. समजा, पन्नाशीपुढची दहा हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या वीस जणांच्या आतड्यात कॅन्सर लपलेला आहे. समजा, तपासणी अशी की कॅन्सर असलेल्या शंभरातले सत्तर पकडते आणि निरोगी शंभरातल्या नव्वदांना बरोबर "नाही" म्हणते. ऐकायला बरी वाटते. हे आकडे मी फक्त हिशेबासाठी धरलेत. वीसपैकी चौदा सापडतील, सहा सुटतील. पण निरोगी ९,९८० पैकी दहा टक्के, म्हणजे ९९८ जणांचा रिपोर्ट उगाच वाढलेला येईल. एकूण १,०१२ घरांत घबराट आणि त्यांत खरे रुग्ण चौदा. त्याहून वाईट म्हणजे ते सहा जण, जे "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून निश्चिंत घरी बसतील.

म्हणूनच सीईएसुद्धा चाळणी तपासणी म्हणून वापरत नाहीत. लक्षणं नसलेल्यांसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची चाचणी आहे; ती वाढलेली आली तर पुढची पायरी कोलोनोस्कोपीच. अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून अशी चाळणी सुचवतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, आतड्याची नाही. तेव्हा आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीला किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी स्वतःहून बोला.

हे सगळं खर्चाचं वाटत असेल तर मिरजेचं शासकीय रुग्णालय, कराडकडच्यांना कृष्णा रुग्णालय, अशा ठिकाणी आधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. कुठलं पॅकेज लागू होतं आणि कुठले कागद हवेत, ते आधी त्यालाच विचारा.

पायरी ४ : रक्त द्यायचंच असेल तर ते असं द्या

सीईएचं रक्त फार नाजूक नसतं. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या बल्बमध्ये घेतात, उपाशी असण्याची गरज नसते. व्हीईजीएफचं मात्र तसं नाही. इथे सगळी गडबड प्लेटलेटमुळे होते.

प्लेटलेटच्या आत छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत व्हीईजीएफ, पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा असे ग्रोथ फॅक्टर भरून ठेवलेले असतात. जखम झाली की तिथे ते सोडायचे, अशी निसर्गाची सोय. लाल बल्बमध्ये रक्त गोठतं, तेव्हा प्लेटलेटना वाटतं जखमच झाली आणि पिशव्या फुटतात. त्यामुळे सिरममधलं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यातलं, व्हीईजीएफ हे प्लाझ्मापेक्षा कित्येक पटींनी जास्त भरतं. त्यातलं किती रक्तात खरोखर फिरत होतं आणि किती आपल्या बल्बमध्ये बाहेर पडलं, हे नंतर सांगता येत नाही. प्लेटलेट काउंट जास्त असेल तर आकडाही जास्त. म्हणून काही संशोधक सिरमच्या आकड्याला प्लेटलेट काउंटने भागून बघतात.

फिरत्या रक्तातलं व्हीईजीएफ बघायचं तर प्लाझ्मा हवा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातला पातळ भाग. बहुधा जांभळ्या झाकणाचा ईडीटीए बल्ब, काही ठिकाणी निळ्या झाकणाचा सायट्रेटचा. कुठला हे ज्या लॅबमध्ये तपासणी होणार तिने ठरवलेलं असतं आणि तोच पाळायचा. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नये, शीर एका टोचण्यात मिळावी, सुई आत फिरवत बसू नये. या सगळ्याने प्लेटलेट चेतवल्या जातात. केमो घेतलेल्या रुग्णांच्या शिरा आक्रसलेल्या असतात, तेव्हा अनुभवी माणसाकडून रक्त काढून घ्या. बल्ब भरला की हळूच आठ-दहा वेळा उलटासुलटा करायचा. खुळखुळवायचा नाही.

मग घाई असते. अर्ध्या तासाच्या आत बल्ब सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, जायला हवा. बाहेर काढल्यावर त्यात तीन थर दिसतात : खाली गडद लाल, वर गव्हाळ पिवळा प्लाझ्मा, आणि दोघांच्या मध्ये नखाच्या कडेएवढी पांढरट रेघ. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्या रेघेपाशी दाटलेल्या असतात. पिपेटने वरचा प्लाझ्मा उचलताना रेघेच्या वर थोडा प्लाझ्मा मुद्दाम सोडून द्यायचा. हावरेपणाने शेवटच्या थेंबापर्यंत गेलं की प्लेटलेट वर येतात आणि पुढे गोठवल्यावर फुटतात. नीट काम करायचं तर उचललेला प्लाझ्मा थंड मशीनमध्ये दुसऱ्यांदा, बऱ्याच जास्त वेगाने फिरवतात, म्हणजे उरलेल्या प्लेटलेटही खाली बसतात. त्यानंतर छोट्या नळ्यांत भरून गोठवायचा. एकदा गोठवलेला नमुना वितळवून पुन्हा गोठवणं टाळायचं. प्लाझ्मा गुलाबी दिसत असेल तर पेशी फुटल्यात असं समजून रक्त पुन्हा घ्यायचं.

आपल्या भागातली खरी अडचण पुढे आहे. व्हीईजीएफची तपासणी इथे क्वचितच होते. नमुना पुण्या-मुंबईला जातो. संध्याकाळी डब्यात बर्फ भरून कुरिअरच्या गाडीत. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. प्लाझ्मा वेगळा न करताच अख्खा बल्ब पाठवला, किंवा न फिरवलेलं रक्तच बर्फाला टेकून थंडीने थिजलं आणि पेशी फुटल्या, तर सकाळी मशीन जो आकडा देईल तो त्या रात्रीच्या प्रवासाचा असेल. म्हणून काउंटरवर हे विचारा : रक्त कुठल्या बल्बमध्ये घेणार? प्लाझ्मा इथेच वेगळा करणार का, किती वेळात? गोठवून पाठवणार का? उत्तर देणारा माणूस गांगरला तर समजून घ्या आणि दुसरी लॅब बघा. हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रक्त देण्याआधी लॅबला ही माहिती स्वतःहून सांगा. ऑपरेशन कधी झालं, केमोचा शेवटचा डोस कधी, बेव्हॅसिझुमॅब (व्हीईजीएफला अडवणारं औषध) चालू आहे का, ताप किंवा जखम आहे का, बाई गरोदर आहे का. आणि केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हेही. जास्त मात्रेचं बायोटिन काही मशीनवर सीईएसारख्या तपासण्यांचा आकडा खोटा कमी दाखवू शकतं. या गोळ्या आता मेडिकलमध्ये सहज मिळतात आणि कुणी त्यांना औषध मानत नाही, म्हणून सांगतही नाही.

पायरी ५ : रिपोर्ट वाचताना आकड्याआधी बाकीचं वाचा

नजर आधी ठळक अक्षरांतल्या आकड्यावर जाते. ती थोडी थांबवा. आधी नमुन्याचा प्रकार बघा : सिरम की प्लाझ्मा? मग मोजण्याची पद्धत : एलिसा (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजण्याची पद्धत) की आणखी काही? मग एकक. व्हीईजीएफ पिकोग्रॅममध्ये असतं, सीईए नॅनोग्रॅममध्ये. एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार पिकोग्रॅम, त्यामुळे "सीईए फक्त तीन आणि व्हीईजीएफ तीनशे" असं शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. मग संदर्भ मर्यादा. व्हीईजीएफसाठी सगळ्या लॅबना लागू पडेल अशी एक मर्यादा ठरलेली नाही. प्रत्येक किटची वेगळी. बऱ्याच किटवर तर "फक्त संशोधनासाठी" असं छापलेलं असतं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं काही आहे का, बघा.

आता आकडा. तो वाढलेला असेल तर कॅन्सरशिवाय आणखी काय असू शकतं, याची यादी मोठी आहे : भरत असलेली जखम, नुकतंच झालेलं ऑपरेशन, संधिवात, सोरायसिस, जंतुसंसर्ग, गरोदरपण. आणि ॲनिमिया. रक्त कमी म्हणजे ऊतींना ऑक्सिजन कमी, ऑक्सिजन कमी म्हणजे एचआयएफ जास्त, आणि त्यामागून व्हीईजीएफ. शिवाय लोह कमी झालं की प्लेटलेट काउंट बऱ्याचदा वर जातो, म्हणजे सिरमचा आकडा आणखी फुगतो. आतड्याच्या कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांना ॲनिमिया असतो, इतकं ते नेहमीचं. तेव्हा व्हीईजीएफचा रिपोर्ट त्याच दिवशीच्या सीबीसीशिवाय (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीशिवाय) वाचूच नये. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट शेजारी लिहा, मगच पुढे बोला.

सीईएचंही थोडं सांगतो, कारण खरा उपयोग त्याचाच होतो. १९६५ साली माँट्रिआलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी ते शोधलं. साधारण पाच नॅनोग्रॅमच्या आत सामान्य धरतात. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत ते थोडं जास्त असतं, यकृताच्या आणि आतड्याच्या दाहाच्या आजारांतही वाढतं. काही गाठी ते फारसं बनवतच नाहीत, तेव्हा सामान्य आकडा म्हणजे सुटका नव्हे. ऑपरेशनच्या आधी ते एकदा तपासलेलं असलंच पाहिजे. तो पाया नसेल तर नंतरचे आकडे अधांतरी राहतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर ते साधारण चार ते सहा आठवड्यांत सामान्य पातळीला येतं. आलं नाही, तर सर्जनना लगेच दाखवायचं.

पायरी ६ : उपचार चालू असताना

ग्रोथ फॅक्टरच्या संशोधनाने रुग्णांना दिलेली खरी देणगी म्हणजे औषधं. व्हीईजीएफला पकडून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ साली पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं. ज्या अभ्यासावर ते मंजूर झालं, त्यात केमोसोबत हे औषध दिल्यावर मध्यम आयुष्यकाल (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेला. घरच्यांसाठी ते पाच महिने काय असतात, हे मी कागदावरून बघत आलोय.

पण हे औषध कुणाला द्यायचं ते रक्तातल्या व्हीईजीएफवरून ठरत नाही. त्यासाठी भरवशाचा रक्तमार्कर अजून हाती नाही. आणि औषध सुरू झाल्यावर रक्तातलं एकूण व्हीईजीएफ बऱ्याचदा वाढलेलं दिसतं, कारण औषधाला चिकटलेलं प्रथिन रक्तातून लवकर निघून जात नाही आणि मशीन तेही मोजतं. काम होत असतानाच आकडा चढतो. अशा वेळी रिपोर्ट पाहून कुणी उपचार सोडायला निघालं तर त्यांना थांबवा. बेव्हॅसिझुमॅब चालू असताना रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन नियमित बघणं कितीतरी जास्त गरजेचं आहे.

ईजीएफच्या बाबतीतही तसंच. सेटक्सिमॅब, पॅनिट्युमॅब ही औषधं त्याच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर तो निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, अडवतात. ती लागू पडणार का, हे गाठीच्या तुकड्यात केआरएएस आणि एनआरएएस या जनुकांत बदल आहे का यावर ठरतं. बदल असेल तर ही औषधं सहसा देत नाहीत. म्हणून ऑपरेशनचा किंवा बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, सांभाळा. मुंबईला टाटा मेमोरियलला जायचं ठरलं तर इथल्या लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही पावती देऊन घ्या, परत आल्यावर ते परत जमा करा. नुसता रिपोर्टचा कागद घेऊन गेलेल्यांना स्लाइडसाठी पुन्हा सांगली गाठावी लागते.

केमोच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधावर, सीईए थोडा काळ चढून मग उतरू शकतं. पहिल्या सहा आठवड्यांतल्या एका वाढीवर कुठलाही निष्कर्ष काढू नये.

पायरी ७ : फॉलोअपची वही

ऑपरेशननंतर सीईए पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी करतात. वर्षभराने कोलोनोस्कोपी, आणि डॉक्टर सांगतील तसे सीटी स्कॅन. सीईए शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की मशीन बदलतं आणि ४.१ चे ५.३ नुसत्या मशीनमुळेही होऊ शकतात.

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक ओळीत तारीख, लॅबचं नाव, सीईए, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, एसजीपीटी (यकृताची तपासणी), वजन, आणि शेवटी त्या दिवसांत काय घडलं ते : ताप, केमोचा कितवा डोस, जुलाब, विडी सुटली का. व्हीईजीएफ केलं असेल तर आकड्याशेजारी बल्बचा रंग लिहा. जांभळा आणि लाल यांचे आकडे एकाच रांगेत कधीच लावू नका. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत जखम भरत असते, तेव्हाचं व्हीईजीएफ तर करूच नका.

एखादा आकडा वर गेला तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. पुन्हाही वाढलेलाच आला, तर छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास कोलोनोस्कोपी. सीईएलाही सगळं दिसत नाही. पाचची मर्यादा धरली तर परत आलेल्या आजारांपैकी साधारण ७१ टक्के ते पकडतं, म्हणजे दहातले तीन सुटतात. वहीतला आकडा सपाट असेल, पण वजन उतरतंय, पोट दुखतंय, शौचात पुन्हा रक्त दिसतंय, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा.

आणि पोट फुगलंय, वायूसुद्धा सरत नाही, उलट्या होताहेत, असं झालं तर ती आतडं तुंबल्याची खूण असू शकते. त्या वेळी वही, रिपोर्ट, लॅब सगळं घरी राहू द्या. १०८ ला फोन करा आणि रात्र असली तरी सर्जन असलेलं रुग्णालय गाठा.